जाऊबाई आणि सहा पिल्लं

बाइंडरकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. बोटांना कायम खळ, त्यामुळे कुणाच्या हातात हात द्यायचा तर आधी तो पँटला पुसायचे. घरातलं बाकी सगळं बायकोच्या ताब्यात, आणि परसातल्या आठ कोंबड्या तर तिच्या एकटीच्या. त्यातली सगळ्यात म्हातारी, तांबडी, इतरांना टोचून टोचून शिस्तीत ठेवायची. तिचं नाव बायकोनं ठेवलं जाऊबाई. "अगदी माझ्या थोरल्या जावेसारखी," ती हसून म्हणायची. "आधी त्यांचं पोट, मग त्यांचा मान, आणि काही उरलंच तर आपण."

मग बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. एकच शब्द शिल्लक राहिला: "नाही." ती दवाखान्यात असताना एका सकाळी डबा घेऊन पळायच्या घाईत काका खुराड्याची कडी लावायला विसरले. मोकाट कुत्र्यांनी सात कोंबड्या फाडल्या. जाऊबाई छपरावर चढली म्हणून वाचली.

बायको घरी आल्यावर काकांनी तिची खाट खिडकीशी लावली. तिनं परसात पाहिलं. एकटी जाऊबाई उकिरडा उकरत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून अन्नही सोडलं. काका चमचा पुढे करायचे, ती दात आवळून घ्यायची. "औषध मी देतो," डॉक्टर म्हणाले, "भूक कुठून देऊ?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तडक पोल्ट्रीत गेले आणि महिना-दीड महिन्याची सहा पिल्लं खोक्यातून घेऊन आले. खिडकीशी खोकं धरलं. "अगं, बघ तरी!" ती वळली नाही. काकांनी पिल्लं तशीच खुराड्यात सोडली. एक म्हातारी, सहा लेकरं, जुळेल आपोआप असं त्यांना वाटलं. दुपारपर्यंत एकाचं डोकं फुटलं होतं.

उरलेली पाच त्यांनी डालग्याखाली झाकली. दुसऱ्या दिवशी एकानं फटीतून मान बाहेर काढली. जाऊबाई टपूनच होती.

"बाबा, तुम्ही आईला सांभाळताय की कोंबड्यांना?" लेक फोनवर म्हणाली. मेलेलं पिल्लू अजून त्यांच्या दुसऱ्या हातात होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं. जाऊबाईला काखेत आवळून ते खाटकाकडे निघाले. "तूच नकोस मला! एकदाची जा!" असं ओरडतच ते खिडकीवरून गेले.

"नाही!"

ते थबकले. बायको वळली होती. "नाही, नाही, नाही!"

कोंबडी काखेत तशीच ठेवून ते आत आले आणि खाटेपाशी जमिनीवर बसले. "कडी मी विसरलो गं. दुसऱ्या कुणी नाही. मी. तुझ्या सातच्या सात..."

तिनं डावा हात उचलला. मारणार असं त्यांना वाटलं, आणि मारलं असतं तर बरंच वाटलं असतं. पण तिनं पंजा स्वतःच्या तोंडापुढे धरला, बोटं फाकवली आणि फटीतून एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग हात बाजूला केला. "नाही." पुन्हा पंजा धरला. काका बघतच राहिले. तिसऱ्यांदा तिनं केलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "जाळी? मधे जाळी लावू? एकमेकांना दिसू दे, पण चोच पोचू नये?"

या खेपेला ती नाही म्हणाली नाही.

पुठ्ठे वाळवायच्या तारेच्या जाळ्या काकांनी कामावरून उतरवून आणल्या आणि खुराड्याचे दोन भाग केले. दाण्याची भांडी जाळीला लागून, एक अलीकडे, एक पलीकडे. दोन दिवस जाऊबाईनं तारेवर चोच आपटली. मग कंटाळली. रोज सकाळी काका परसातून विचारायचे, "काढू?" खिडकीतून उत्तर यायचं, "नाही."

अठराव्या दिवशी उत्तर आलं नाही. काकांनी जाळी काढली. जाऊबाई मान फुगवून धावली, एका पिल्लाची पिसं तिच्या चोचीत आली. काकांनी हात आत घातला. "नाही!" खिडकीतून आवाज आला. त्यांनी हात मागे ओढला, पण उभं राहवेना, तिथंच उकिडवे बसले. पिल्लं फळीमागं दडली. जाऊबाईनं जरा पाय आपटले आणि दाणे टिपायला गेली. संध्याकाळी पाचही जणी एकाच दांडीवर बसल्या. मधे वीतभर जागा सोडून, पण बसल्या.

त्या संध्याकाळी बायकोनं चार चमचे मऊ भात खाल्ला. काकांनी वाटी धुताना मोरीत तोंड फिरवून रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोनच चमचे. मग पुन्हा दात आवळलेले. पिल्लांना तुरे फुटायच्या सुमारास दुसरा झटका आला आणि ती गेली.

दिवसकार्य उरकून परत गेलेली लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आता तरी द्या ना त्या कोंबड्या कुणाला. कुणासाठी ठेवायच्या?"

काकांनी खिडकीतून परसात पाहिलं.

"ठेवतो फोन," ते म्हणाले. "त्यांचं पाणी बदलायचंय."