लिलाव पुकारणारी मार्लिस

मार्लिस ब्रँडवोल्डला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बाकावर उभी होती. अमेरिकेतल्या डाकोटात, आमच्या हार्लो गावच्या गुरांच्या बाजारात दर गुरुवारी लिलाव व्हायचा, त्या शेडमधल्या पहिल्या रांगेच्या बाकावर. शेडला लागूनच माझी आई कॅफे चालवायची, आणि शाळा सुटली की मी दारात उभी राहून माणसं न्याहाळायची. मार्लिस माझ्याच वयाची, सात वर्षांची. पाठ लिलावाकडे, तोंड वडलांकडे, आणि दोन्ही हात असे चालले होते की मागून एक जण ओरडला, "अरे, त्या पोरीला गांधीलमाश्या चावल्यात की काय?"

सगळी शेड हसली. मार्लिसने तेही हातांनी वडलांना सांगितलं. मग अर्विड ब्रँडवोल्डही खदखदून हसले. तेव्हा ओरडणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

अर्विड आणि त्यांची बायको इडेला, दोघंही जन्मापासून बहिरे. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत एकमेकांना भेटले, लग्न केलं, आणि नदीकाठी अर्विडच्या बापाची शेती होती ती कसायला इथे आले. मुलगी झाली ती ऐकणारी. पाळण्यातल्या पोरीच्या मागे इडेलाने पातेलं आपटून बघितलं, आणि पोर दचकून रडायला लागली तेव्हा नवरा-बायको आनंदाने नाचले म्हणे.

मार्लिस बाजारात यायला लागायच्या आधी अर्विड लिलावात माणसांची तोंडं बघून हात वर करायचे. एकदा एका तांबड्या गाईसाठी बाकी सगळे गप्प झाले तरी त्यांचा हात वरच. स्वतःचीच बोली स्वतः वाढवत राहिले. लिलाव पुकारणारे आणि बाजाराचे मालक मर्व केसलर यांनी शेवटी हातातलं लाकूड आपटून सगळं थांबवलं. "अहो, गाय तुमचीच झाली! आता स्वतःशी कशाला भांडताय?" पण हे अर्विडना कळणार कसं? ते हात वर धरूनच बसले होते. त्याच्या पुढच्या गुरुवारी ते पोरीला घेऊन आले. शाळेच्या बाईंनी गुरुवारची दुपार तिला सोडून दिली. मनाने मोठी बाई. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ती तिथे गणितच शिकतेय."

लिलाव संपल्यावर मर्व मंचावरून उतरून मार्लिसपाशी आले. भलता उंच माणूस, आवाज खडीच्या ट्रकसारखा.

"पोरी, मी फार भरभर पुकारतो का गं?"

"नाही, मिस्टर केसलर. पण तुम्ही मध्ये मध्ये 'बोला की राव, बोला की राव' म्हणता, त्याचा अर्थ काय?"

"त्याला काही अर्थ नाही. मला दम खायला बरं पडतं म्हणून."

"मग ते बाबांना सांगू की नको?"

"नको. ते कुठे धापा टाकतायत?"

तेव्हापासून गुरुवार तिचा ठरला. आणि फक्त गुरुवार नव्हे. घरात फोन वाजला की तीच. जनावरांचा डॉक्टर आला की तीच. बँकेतला माणूस, बी-बियाणंवाला, कुणीही दारात आलं की आठ-नऊ वर्षांची मार्लिस मध्ये उभी. रविवारी चर्चमध्येसुद्धा पास्टरचं प्रवचन ती आईबापांना हातांनी सांगायची. प्रवचन लांबलं की तिचे हात आखूड व्हायचे. पास्टर दहा मिनिटं बोलायचे आणि मार्लिस दोन खुणा करून मोकळी. इडेला डोळे वटारायची, "एवढंच म्हणाले?" मार्लिस म्हणायची, "एवढंच. बाकीचं परत तेच."

ती तेरा वर्षांची असताना ऑक्टोबरात ते घडलं. मका तोडायच्या यंत्रात ताटं अडकली आणि यंत्र बंद न करता अर्विडनी उजवा हात आत घातला. मार्लिस ट्रॅक्टरवर होती. तिने इंजिन बंद केलं, स्वतःचा कोट काढून हाताला करकचून बांधला आणि बापाला पिकअपमध्ये बसवून स्वतः गाडी हाकत तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं. शेतात चालवायची ती, पण मोठ्या रस्त्यावर पहिल्यांदाच.

ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर आले. इडेला आणि मार्लिस भिंतीला टेकून उभ्या होत्या. डॉक्टर मार्लिसकडे बघून घुटमळले. "कुणी मोठं माणूस नाही का बरोबर?"

"मोठं माणूस ही माझी आई. ऐकणारी मी एकटीच," मार्लिस म्हणाली. "तुम्ही सांगा."

अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली होती. आईला तिने सांगितलं. मग शुद्धीवर आलेल्या बापाला सांगायला आत गेली. तुमच्याआमच्यासाठी तो हात म्हणजे कामाचा हात. अर्विडसाठी ती जीभ होती. मार्लिसने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं की तिला कुठलीच खूण सुचेना. तिने नुसता आपला उजवा हात वर धरला आणि अंगठा आणि दोन बोटं मिटून दाखवली. अर्विड त्या मिटलेल्या बोटांकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने, लहान मुलाने पहिलं अक्षर गिरवावं तसं, त्यांनी विचारलं, "गुरांना पाणी दाखवलं का?"

शेजाऱ्यांनी दाखवलं होतं. उभा मकाही शेजाऱ्यांनीच काढून दिला. सात-आठ घरांतली माणसं आपापली यंत्रं घेऊन आली, बायकांनी ताटं भरून जेवणं आणली. माझ्या आईने कॅफे बंद ठेवून त्यांच्या अंगणात कॉफी उकळली. मार्लिस त्या गर्दीत फिरून प्रत्येकाला आईबापांच्या वतीने आभार सांगत होती. तोंड सुजल्यासारखं दिसत होतं तिचं, पण एकालाही तिने चुकवलं नाही.

शेजारी घरी गेले आणि हिवाळा आला. डाकोटातला हिवाळा काय असतो ते काही मी नव्याने सांगत नाही. शाळेआधी उठायचं, हौदावरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडायचा, गवताच्या गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापून गुरांपुढे टाकायचं. मार्चमध्ये गाई व्यायला लागल्या की इडेला आणि ती आळीपाळीने गोठ्यात. शाळेत ती डेस्कवर डोकं टेकायची आणि ती बाईंना दिसू नये म्हणून आम्ही तिच्यापुढे ताठ बसायचो.

त्याहून अवघड काम घरात चाललं होतं. अर्विडचं बोलणं आता दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं झालं होतं, अर्धे शब्द निसटायचे. जेवण झालं की तिघंही टेबलाशी बसून नव्या खुणा ठरवायची. 'वासरू' कसं म्हणायचं, 'उद्या' कसं म्हणायचं, 'लोणी दे' कसं म्हणायचं. त्या वर्षी मीही बरंच शिकले. मी नेहमी चुकायचे आणि अर्विड हसायचे. त्या घरात त्या हिवाळ्यात कुणीतरी हसवणं गरजेचं होतं, म्हणून मी चुकत राहिले. अर्थात, मला येतही नव्हतं.

मार्लिस लोखंडाची होती असं कुणी समजू नये. पंधराव्या वर्षी एका गुरुवारी ती आमच्या कॅफेच्या मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसून ढसाढसा रडली. माझी आई आत आली.

"काय झालं गं?"

"काही नाही. सगळा दिवस मी बोलते. बाबा काय म्हणतात, आई काय म्हणते, डॉक्टर काय म्हणतो. मला कोण विचारतं, मार्लिस, तू काय म्हणतेस?"

आईने हात पुसले आणि समोर खुर्ची ओढून बसली. "बरं. मार्लिस, तू काय म्हणतेस? आज ॲपल-पायमध्ये मनुके घातलेत ते जास्त झाले का?"

मार्लिसने रडता रडता वर बघितलं. "...थोडे."

"झालेच मुळी. मलाही वाटलं. हे बाकीचे सगळे मेले गोड बोलून खातात."

त्यानंतर दर गुरुवारी आई तिला काहीतरी विचारायचीच. पडदे कसे वाटतात, ट्रकवाल्यांचा कोपरा बदलावा का, नवा पास्टर टिकेल का. आणि मार्लिस सांगायची, चांगलं ठासून सांगायची. मी तिथेच असूनही मला कुणी काही विचारायचं नाही, याचा तेव्हा मला रागच यायचा.

शाळा संपल्यावर मर्वनी तिला बाजारात कामाला घेतलं, रिंगणाजवळ उभं राहून गर्दीतल्या बोली टिपायला. गुरं घेणारे लोक हात वर करत नाहीत. कुणी भुवई हलवतो, कुणी टोपीला बोट लावतो, कुणी नुसती मान एवढीशी वाकडी करतो. मार्लिसच्या नजरेतून एक सुटायचं नाही. अशा घरात वाढलेली पोर, तिला माणसाचं बोट हललं तरी ऐकू यायचं. मर्व म्हणायचे, "या पोरीपुढे नाक खाजवू नका, बैल घरी घेऊन जाल."

मग एका नोव्हेंबरात ऐन मोठ्या लिलावाच्या दिवशी मर्वचा आवाज बसला. शेड भरलेली, बाहेर ट्रकची रांग, आणि मर्वच्या घशातून नुसती हवा. त्यांनी मार्लिसला बोलावून मंचाकडे बोट दाखवलं.

"मी? मिस्टर केसलर, मी आयुष्यात कधी तोंडाने पुकारलेलं नाही!"

मर्व घोगरं कुजबुजले, "बारा वर्षं हातांनी पुकारलंस ना? मग चढ."

ती चढली. कुणीतरी म्हणालं, "आता बाई लिलाव करणार? मग आम्ही घरी जाऊन स्वयंपाक करतो!" मार्लिस माइकवर म्हणाली, "जरूर करा मिस्टर ओल्सेन, पण आधी तुमची गुरं विकून घेऊ. ती तरी तुमच्यापेक्षा बरी दिसतायत." हशा ओसरायच्या आत तिने सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन जनावरांना ती अडखळली. मग लय सापडली. तीस-तीस-तीसला कोण, पस्तीस आले, चाळीस बोला, चाळीस तिकडे, पंचेचाळीस, बोला की राव... एकेक शब्द टाकसाळीतून पडल्यासारखा. आम्ही कॅफेतल्या सगळ्या जणी हातातली भांडी ठेवून दारात आलो. मर्व लिलावभर खाली बसून होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. विचारलं तर म्हणाले, सर्दी आहे.

त्यांनीच तिला आयोवातल्या लिलाव शिकवणाऱ्या शाळेत धाडलं. घरी ती गोठ्यात सराव करायची आणि तिची गुरू होती इडेला. हो, बहिरी इडेला. लेकीच्या गळ्यावर तळहात ठेवून उभी राहायची आणि मध्येच थांबवायची, "इथे लंगडतेस." मार्लिस तेवढाच तुकडा परत म्हणायची. इडेलाचं कधी चुकलं नाही असं मार्लिस अजून सांगते.

लिलाव पुकारणाऱ्यांच्या राज्याच्या स्पर्धेत ती बरीच वर्षं लागोपाठ हरली. एका वर्षी परीक्षक म्हणाले, आवाज गोड आहे, पण गुरं विकायला धाक लागतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा गोठ्यात पुकारायला लागली. शेवटी जिंकली तेव्हा तिला दोन मुलं होती आणि केसांत एक पांढरी बट. अर्विड-इडेलांना घेऊन मी गेले होते. दोघांच्या समोर बसून लिलाव हातांनी सांगायचं काम माझ्याकडे. मी इतकी गडबडले की अर्विडनी मला मधेच थांबवलं. "वँडा, तू आत्ता सांगितलंस की मार्लिसने एक पास्टर विकला."

"मी 'बैल' म्हणाले!"

"तू राहू दे. मला ती दिसतेय."

मग मी हात खाली ठेवले आणि आम्ही तिघांनी नुसतं तिच्याकडे बघितलं. इडेलाने समोरच्या लाकडी कठड्यावर दोन्ही हात सपाट ठेवले होते.

निकालानंतर बाहेरच्या दालनात लोक मार्लिसचे हात हातात घेत होते. गर्दी सरल्यावर अर्विड पुढे झाले. त्यांच्या खुणा आता मला चांगल्या कळायच्या.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "तू सात वर्षांची होतीस. बाकीच्या पोरी झोके घेत होत्या, मी तुला बाजारात उभं केलं. मी तुझं लहानपण वापरलं. वर्षानुवर्षं मनात आहे."

मार्लिसने हातांनी उत्तर दिलं. "झोका मलाही होता. तुम्हीच बांधला होता, आणि तो तिरका होता."

अर्विड हसले नाहीत. मग तिनेही थट्टा सोडली.

"जड होतं," तिने हातांनी सांगितलं. "कधी कधी फार जड होतं. ते खोटं नाही सांगणार. पण मोठ्या माणसांनी भरलेल्या शेडमध्ये मी जे सांगेन त्यावर तुम्ही विश्वास ठेवायचात. एकदाही दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करून घेतली नाहीत. तेवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी ठेवलेला नाही. आज वर चढले ती त्याच्या जोरावर." आणि हनुवटीला लावलेला तळहात तिने बापाकडे नेला. खुणांच्या भाषेत आभार असे मानतात. अर्विडनी तो तळहात दोन्ही हातांत धरला, आणि त्यानंतर बराच वेळ दोघांनाही बोलता येणं शक्य नव्हतं, कारण हात मोकळे नव्हते.

मर्वनी म्हातारपणी बाजार तिच्या नावावर केला. अर्विड आणि इडेला शेवटपर्यंत तिच्याच घरी राहिले. ते गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. साठी उलटली तरी मार्लिस दर गुरुवारी मंचावर असते. आईमागे कॅफे मी चालवते. लिलाव आटोपला की ती येते, बूट दाराशी झटकते, आणि आम्ही दोघी खिडकीशी बसून उशिराचं जेवण जेवतो. तिच्यासारखी मैत्रीण शेजारी मिळाली, याबद्दल मी देवाचे आभार मानते. तिच्यासमोर हे बोलले तर म्हणेल, वँडा, बटाटे गार होतायत.