ओसरीवरची सीट

सीटचा शेवटचा नट आवळत होतो, तेव्हा नामदेवभाऊ गेल्याची बातमी आली. वर्ध्याजवळ बोरगावच्या माझ्या अंगणात, त्यांच्याच फियाटमध्ये मी पाना घेऊन अर्धा आत वाकलो होतो. त्यांचा मेहुणा फाटकातूनच म्हणाला, "भाऊजी गेले..." आणि माझ्या हाताने, कुणास ठाऊक का, पाना आणखी एकदा फिरवला.

नामदेवभाऊ पवनारचे, भाजीपाला पिकवणारे, ताडमाड उंच. ही जुनी गाडी त्यांनी घेतली ती वांग्या-कोथिंबिरीच्या टोपल्या वर्ध्याच्या बाजारात न्यायला. त्यासाठी ड्रायव्हरशेजारची सीट काढून ठेवत. मग गावात कुणी आजारी पडलं की त्याच मोकळ्या जागेत फळी-गादी टाकून त्याला आडवं नेऊ लागले. त्यातून त्यांची एक रीत पडली. काढलेली सीट ते आजाऱ्याच्या ओसरीवर ठेवत. "जातानी निजून, येतानी बसून. सीट तुमची वाट पाहून राह्यली," असं त्याला सांगत. माणूस बरा झाला की त्याला आणायच्या दिवशीच ती गाडीत बसवायची. आलाच नाही, तर तेरवीनंतर मुकाट्याने न्यायची. तोवर तिच्यावर कुणी बसत नसे. सांजेला दिवा लागला की बायका त्या रिकाम्या सीटकडे पाठ करत नसत. एका घरी मी स्वतः पाहिलं आहे... वारा नव्हता, मांजर नव्हतं, आणि कुणी टेकावं तशा सीटच्या स्प्रिंगा हळूच करकरल्या. त्या घरचा म्हातारा तेव्हा दवाखान्यात होता. मी हसलो. नामदेवभाऊ हसले नाहीत.

या उन्हाळ्यात पाळी त्यांचीच आली. गाडी मी चालवली आणि सीट त्यांच्याच ओसरीवर राहिली. थोडा उतार पडला, गाडी माझ्याकडेच होती, आणि माझ्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. पुढे भोक पडलेल्या गाडीतून त्यांना स्टेशनवरून कसं आणायचं? मी पवनारला सीट न्यायला गेलो.

"राहू द्या न, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ते येतीन तवा लावजा."

"वहिनी, लोखंडाचा अन् जिवाचा काय संबंध?"

मी उचलण्याआधी त्यांनी पदराने सीट पुसली, एवढंच.

परतताना दवाखान्यात डोकावलो. भाऊ उशीला टेकून मजेत बसले होते. "का हो बाबूसाहेब, माह्या गाडीले कुठी घासून तर नाई आणलं?" मग आवाज उतरला. "सीट ओसरीवरच आहे न?"

"हो," मी म्हणालो. सीट खाली गाडीत होती.

"मंग येतो मी," ते म्हणाले.

त्याच दुपारी ते गेले. त्यांना घरी न्यायला सीट पुन्हा काढू लागलो, तर तो शेवटचा नट हलेना. मेहुण्याने जोर लावला, मी लावला, पाना निसटत राहिला. शेवटी कुणाच्या तरी टेम्पोतून न्यावं लागलं. स्वतःच्या गाडीतून नामदेवभाऊ ना निजून आले, ना बसून. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. मला ते पटतं. दिवसा पटतं.

त्यानंतर मी ती सीट पुढे ओढून ठेवू लागलो. पवनारकडे जाताना, धाम नदीच्या पुलाआधी, ती 'खट्' करून मागे सरकते, उंच माणसाने पाय पसरावेत तशी. वर्ध्याकडे येताना कधीच नाही. मेस्त्री म्हणतो, खाच झिजली. झिजली असेल...

तेरवी झाल्यावर गाडी परत द्यायला गेलो. ओसरीपुढे उभा राहून वहिनींना सगळं सांगितलं, माझं ते 'हो'सुद्धा. त्या ऐकत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. डाव्या खिडकीकडे बघत होत्या. मग आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन आल्या. डावं दार उघडलं. दवाखान्यातून परतलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तुकडा रिकाम्या सीटवरून ओवाळून टाकला, पाणी ओतलं, आणि दार तसंच धरून उभ्या राहिल्या. उंच माणसाला उतरायला लागतो तेवढा वेळ.

स्प्रिंगा करकरल्या. भार उठल्यावर करकरतात तशा.

"आले न बसून," वहिनी म्हणाल्या, आणि हळूच दार लावलं. "आता हे सीट कधी काढू नोका, भाऊजी."