पारबता मावशीचा अंगठा

दुपारचं जेवण उरकून मी जरा आडवी होते. चार वाजता ग्रामसभा आहे आणि मी जाणार नाही, हे सकाळीच ठरवून टाकलंय. डोकं दुखतं म्हणून सांगायचं. गावच्या आशा सेविकेचं डोकं दुखू नये असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नाही.

उशाशी ठरावाची झेरॉक्स आहे. सकाळी शेजारची कुंदा देऊन गेली. "तू वाच, तूच बोल," म्हणाली, कारण तिला सहीपुरतंच लिहिता येतं. दोन ऑक्टोबरच्या सभेत म्हणे गावानं एकमतानं ठरवलं, की आमची बोडी निरुपयोगी आहे, ती बुजवून तिथे गोदाम बांधायला हरकत नाही. बोडी म्हणजे गावाचं लहान तळं. आम्हा ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, चाळीस घरांची मासोळी त्यातूनच येते. खाली आणि मागच्या पानावर त्रेसष्ट बायकांच्या सह्या आणि अंगठे. कुंदाला वाटतं, सगळ्या खोट्या आहेत.

खोट्या नाहीत. मीच घेतल्यात. श्रावणात मच्छरदाण्या वाटताना ग्रामसेवक म्हणाला होता, "ताई, पोच म्हणून कोऱ्या पानावर सह्या घ्या, वरचं मी लिहून घेतो." मी उन्हातान्हात घरोघर फिरले. आता वरचं त्यानं लिहिलंय. मागचं पान उलटायची माझी छाती होत नाही, कारण तिथली नावं माझ्या अक्षरात आहेत.

पंखा थांबतो. लाईट गेली असावी. डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी माझा पाय धरून हलवतं.

"उठ वो निरे. सभा हाये ना?"

पारबता मावशी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. हिनंच आम्हा बायकांना चार उन्हाळे चिखलात उतरवलं, बोडीत माजलेलं बेशरमाचं तण मुळासकट उपटायला लावलं आणि त्या जागी मासोळीला अंडी घालायला लागतं ते पानगवत लावून घेतलं. तीन दिवसांच्या तापात गेली. दवाखान्यात मीच नेलं होतं तिला.

"मावशी, तू तं मेलीस."

"मंग? मेलेल्या मानसाले गावात याची बंदी हाये का? तसाबी ठराव केला का तुमी?"

मला हसू येतं आणि लाजही वाटते. ती माझ्या चुलीमागचं दार उघडते. तिथे खरं तर गोठा आहे. पण दाराबाहेर पाणी आहे, मांडीभर, आणि आम्ही दोघी त्यात उभ्या आहोत. तीच बोडी, तीच मातीची पाळ, पाळीवरची तीच मोहाची झाडं. मावशी माझ्या हातात गवताचं मूळ देते. मी नेहमीसारखं ते पायाच्या बोटांत धरून खाली रोवते, टाचेनं दाबते. मूळ वर येतं. पुन्हा दाबते. पुन्हा वर.

"चिखल कोठी गेला, मावशी?"

"खाली पाय फिरव."

मी पाय फिरवते. गुळगुळीत, थंड. फरशी आहे. बोडीच्या तळाला कोणीतरी पांढरी फरशी बसवली आहे, आणि आमचं चार उन्हाळ्यांचं गवत तिच्यावर तरंगतंय.

"मूळ टिकते का? नाही टिकत. मंग मासोळी कोठी राहीन? तुया डोक्यात?"

माझा भडका उडतो. किती ऐकून घ्यायचं! "मलेच काहून बोलतेस? तू मोकळी झालीस मरून. इथं जो तो माह्या दारात येते. निरू वाच, निरू लिव्ह, निरू बोल. मी म्हनलं का त्याले ठराव लिव्ह म्हून? मी मच्छरदान्या वाटत होती!"

"मंग जा ना, सांग तसं."

"अन् बाया थुंकतीन माह्या तोंडावर, तं?"

"थुंकतीन. पुसून घेजो." मावशी खर्रा थुंकते. "बोडी बुजल्यावर काय पुसशीन?"

मला तिचा राग येतो, ग्रामसेवकाचा येतो, सर्वांत जास्त माझा येतो. कोऱ्या पानावर सह्या घेताना एकदा तरी विचारायचं होतं. दहावी पास आहे मी.

पाणी आता ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे. टेबलाचे पाय बुडालेले, वर रजिस्टर कोरडं. खुर्चीत कोणी नाही. मावशी रजिस्टरवर हात आपटते.

"मी कोन्या दिवशी मेली?"

"तान्ह्या पोळ्याले, बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"अन् ह्यानं कोनता दिवस लिवला?"

"दोन ऑक्टोबर."

"मंग मी मसनातून उठून आली का अंगठा लावाले?" ती ओरडते, आणि खोलीतलं पाणी हलतं. "मी मेल्यावर बी मायाच अंगठ्यानं मायी बोडी बुजवतेत? अन् तू झोपतेस?"

डावा अंगठा ती माझ्या डोळ्यांसमोर धरते. धान कापताना विळा लागला होता, तेव्हाचा व्रण आडवा गेलेला.

पंखा सुरू होतो. मी उठून बसलेली आहे. झेरॉक्स माझ्या मांडीवर, मागचं पान वर. ते मी उलटलेलं नाही. सतराव्या ओळीत माझ्या अक्षरात 'पारबता सोमा मारबते', आणि पुढे अंगठ्याचा ठसा.

रडू येत नाही. दात करकरतात इतका राग येतो. मी चप्पल घालते तोच कुंदा दारात.

"चालतेस ना? पावनेचार झाले."

"चालतो. पन पयले आयक. ह्या सह्या खोट्या नाहीत. मच्छरदान्याच्या वेळी मीच घेतल्या. कोऱ्या पानावर."

कुंदा माझ्याकडे बघते. मग एक सणसणीत शिवी देते, माझ्या आईपर्यंत पोचणारी. मी ती घेते. तिच्या हातात कागद देते. ती तो डोळ्यांजवळ नेते, उगीच, कारण नावं तिला वाचता येत नाहीत. तिचं बोट ओळीओळीनं खाली जातं आणि सतराव्या ओळीवर थांबतं. ठशाच्या मधोमध एक कोरी रेघ आहे, आडवी.

"हे तं..." कुंदाचा आवाज बदलतो. "विळा लागला होता थो अंगठा हाये. पारबता मावशीचा. अन् थे तं तान्ह्या पोळ्यालेच मेली, त्या सभेच्या पयले!"

ती कागद घेऊन रस्त्यावर धावते, आणि एकेका दारासमोर मावशीचं नाव घेऊन ओरडू लागते. मी तिच्या मागून निघते.