मोराचा तोकडा पाय

स्पिरिटची बाटली उघडली की मला पाथर्डीचा बाजार आठवतो. नव्वदच्या दशकात मी शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत होते आणि मला गोंदायला शिकायचं होतं. बाजाराच्या कडेला गोणपाट अंथरून एक मावशी बॅटरीवरच्या मशीननं गोंदायची. तिच्यापुढे चित्रं पसरून मी सरळच म्हणाले, "मला शिकवा, हात चांगला आहे माझा." तिनं सगळी चित्रं बघितली. "झ्याक हायेत. पन कागदाला दुखत न्हाई, बाई." शेजारी ऊसतोडीला निघालेली एक बाई बांगड्या कोपराकडे सारून गोंदून घ्यायला बसली होती. "हिच्याकडून घेतीस का?" मावशीनं तिला विचारलं. बाईनं माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "हिच्याच अंगावर काय न्हाई, मंग म्या कशाला हात देऊ?" तिचं चुकत नव्हतं. मी मशीन मागून घेतलं. मावशीनं स्पिरिटचा बोळा दिला. भज्यांचा वास, जीपवाल्यांच्या हाका, आणि मुठीत भुंग्यासारखं गुणगुणणारं ते यंत्र. माझ्या डाव्या मनगटावर मी मोर काढला. पायापाशी आले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, म्हणून एक पाय तोकडाच सोडला. बाईनं मोर नीट पाहिला आणि आपला हात माझ्या मांडीवर ठेवला. मावशीनं बाजूला सरकून मला गोणपाटावर जागा केली. आता नगरात माझं स्वतःचं दुकान आहे. तो पाय मी कधी पुरा केला नाही. फार दुखतं का, असं गिऱ्हाइकानं विचारलं की मी तो दाखवते आणि म्हणते, "एवढं."