सालींचं पाणी

“टाकायच्या आधी एकदा वास घ्या,” हे माझ्या आत्याचं नेहमीचं बोलणं. शेजारणीने केराची टोपली उचलली तरी ती तिला हेच ऐकवायची.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिने एकोणतीस वर्षं भाज्या सोलल्या. मोरीजवळचं बुटकं स्टूल ही तिची जागा. शेगडीजवळ तिला कोणी फिरकू दिलं नाही. सगळे तिला ‘सालवाली’ म्हणत. घरी मात्र ती त्याच सालीदेठांचं असं पाणी करायची, की तापातून उठलेलं माणूस वाटी चाटूनपुसून ठेवी. मी त्याच पाण्यावर वाढलो आणि पुढे त्याच इस्पितळात जेवणाचा गाडा ढकलायला लागलो.

त्या वर्षी पोटाची ऑपरेशनं झालेले रोगी सूप पिईनात. पुडीतलं सूप, नुसतं खारट. वाट्या भरलेल्या परत यायच्या. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, की शनिवारपर्यंत वाट्या रिकाम्या आल्या नाहीत तर स्वयंपाकघर बंद, जेवण बाहेरून येईल. आम्हा अकरा जणांच्या तोंडचं पाणी पळालं. आत्या म्हणाली, सालींचं पाणी मी करते. मुख्य आचारी हसला. सालवालीला आता शेगडी हवी झाली, म्हणाला. पण तिची कल्पना मात्र त्याने उचलली.

शुक्रवारी त्याने कोबीचे दांडे, बिटाच्या साली, मातीसकट बटाट्याच्या साली, सगळं मोठ्या पातेल्यात लोटलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत रटरटवलं. गडी हाडांचं पाणी काढण्यात तयार झालेला. जितकं उकळेल तितका कस उतरेल, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. पाणी जांभळं झालं आणि वास तिसऱ्या मजल्यावर जाऊन पोचला. खिडकीजवळच्या आजोबांनी मला विचारलं, “हे प्यायचं, की यात पाय बुडवायचे?”

चौतीस वाट्या भरलेल्या परत आणल्या. आचारी खाली मान घालून आत्याला म्हणाला, “बाई, उद्या तुम्हीच बघा.”

शनिवारी आत्या शेगडीपाशी उभी राहिली. प्रत्येक मूठ नाकाशी नेली. कोबी आणि बीट बाजूला गेले. गाजराची टोकं, मटाराची टरफलं, कोथिंबिरीच्या काड्या, टोमॅटोची देठाकडची चकती, आणि रंगापुरती कांद्याची कोरडी साल. तीन पाण्यांनी धुऊन तिने ते गार पाण्यात सोडलं आणि आच अगदी बारीक ठेवली. पाणी उकळत नव्हतं, जागच्या जागी गुणगुणत होतं. आचाऱ्याला राहवेना, त्याचा हात आच वाढवायला गेला. आत्याने त्याचं मनगट धरलं.

“हाडं नाहीत ती. सालीला धाक दाखवला की ती कडू होते.”

तासाच्या आत पातेलं उतरलं. तिने ते फडक्यातून गाळलं, पण चोथा पिळला नाही. मीठ सगळ्यात शेवटी. मधाच्या रंगाचं पाणी मी गाड्यावर चढवलं.

तेहतीस वाट्या रिकाम्या आल्या. चौतिसावी आजोबा देईनात. बोटाने पुसायची बाकी आहे, म्हणाले.

डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. हे कोणी केलं, विचारलं. आचारी क्षणभर घुटमळला, मग आत्याकडे हात करून म्हणाला, “यांनी. मी नुसता बघत होतो.” बाईंनी उरलेलं घोटभर चाखलं आणि स्वयंपाकघर राहील, म्हणून सांगितलं. सोमवारपासून शेगडीवर कोण, हेही विचारलं.

“मी,” आत्या म्हणाली.

“मग सोलायला कोण बसणार?”

आत्याने बोलायच्या आधीच आचारी बुटक्या स्टुलावर टेकला. त्याचे गुडघे हनुवटीला लागले. डॉक्टरीणबाईसुद्धा तोंडावर हात धरून हसल्या.

आत्याने पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडली. फाटकापर्यंतचा लांब रस्ता ती सावकाश, मधोमध चालत गेली. आम्ही दहाजण दारात दाटीने उभे होतो. वर तिसऱ्या मजल्यावर आजोबा खिडकीची जाळी धरून, ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिले.