जहाजाच्या पोटातल्या फळ्या

एकाहत्तर साल असेल. श्रीगोंद्याच्या शाळेत मी नुकतीच इतिहास शिकवायला लागले होते, आणि नव्या मास्तरणीला असतो तेवढा तोरा मला होताच. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी मी ठरवलं, अठराव्या शतकातलं इंग्रजांचं व्यापारी जहाज करायचं. नगरहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात एकाच जहाजाची अथपासून इतिपर्यंत हकिकत होती, आणि नकाशे. ते नकाशे दादांच्या पुढं टाकले. दादा म्हणजे माझे वडील, सुतार. सारा जन्म बैलगाड्या करण्यात गेलेला, समुद्र कधी पाहिलेला नाही.

दोन महिने ते त्या जहाजाला चिकटून बसले. डोलकाठ्या, शिडं, सुकाणू, सगळं मापात. आतलं दिसावं म्हणून एक बाजू उघडी ठेवली. "औंदा पैला नंबर आपला," हे गल्लीभर सांगून झालं होतं. त्यांच्या कामाला आजवर कुणी नंबर दिला नव्हता. मलाही तो त्यांच्यासाठी हवाच होता.

आदल्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "बाई, नकाशा काढनारा येडा हाय. पोटात माल ठिवायच्या फळ्या लई बुटक्या दावल्यात. हमाल आत शिरंल कसा? म्या आपल्या अकलेनं उंच केल्या."

मी पुस्तक उघडलं. तोवर नुसते नकाशे बघितले होते, मजकूर वाचायचा आळस केला होता. लाज वाटते सांगायला, पण खरं तेच. आता वाचत गेले. ते जहाज आफ्रिकेत जाऊन माणसं भरत होतं, विकायला. त्या फळ्यांवर त्यांना साखळ्यांनी जोडीजोडीनं बांधून निजवत. उठून बसता येऊ नये एवढीच उंची. समुद्रापार उसाच्या मळ्यांवर जिवंत पोचतील ती विकायची आणि येताना त्याच पोटात साखर भरायची. अशा कितीतरी फेऱ्या. तो धंदा कायद्यानं बंद झाल्यावर त्यानं मुंबईहून कापूस नेला आणि शेवटी मोडीत निघालं. आणि या जहाजाचं मी दोन महिने वर्गात कौतुक करत होते.

दादांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाया बी?"

"बायाही. लेकरंही."

मग वाकून जहाजाच्या पोटात बघितलं. मला मात्र उद्याची घाई. म्हटलं, "दादा, फळ्या खाली घ्या. खरं माप तेच आहे, परीक्षक पट्टी लावून नकाशाशी ताडून बघतात."

"तूच घे," म्हणून त्यांनी पटाशी माझ्यापुढं सरकवली.

मी चिडले. "इतिहास आहे तो. तुमच्या मनासारखा कसा होईल?"

"न्हाई व्हायचा. पन माज्या हातून हुनार न्हाई."

मी तावातावानं पटाशी उचलली, फळीला लावली आणि तशीच खाली ठेवली. मलाही जमेना.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी शिडांचं तोंडभरून कौतुक केलं. मग वाकून फळ्यांना पट्टी लावली, कागदावर काही लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडं गेले. लिहिलेलं मी डोकावून वाचलं. पहिला नंबर गेला, हे मला तिथंच कळलं. दादांना आकडे समजायचे, वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं?"

"आतल्या फळ्यांचं माप चुकलंय, असं."

वाटलं, त्यांचं तोंड उतरेल. ते परीक्षकांच्या पाठीकडं बघत, मला एकटीला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "चुकलं न्हाई. आता उठून बसता येतंय."