आईचे सरळ कोपरे

शिवणकामात मी ढ आहे, हे आधीच सांगून टाकते. तरी इथे परदेशात, हूफडॉर्पमध्ये, आमच्या घराजवळच्या समाजकेंद्रात दर बुधवारी बायका जमून रंगीत तुकड्यांचे चौकोन शिवतात, तिथे मी जायला लागले. नवऱ्याच्या नोकरीसाठी पुण्यातली माझी बँकेतली नोकरी सोडून आले होते. तीन वर्षं कोणी विचारलं की "हाउसवाइफ" म्हणायचे आणि आतल्या आत चरफडायचे. कुठेतरी चार माणसांत आपलं कौतुक व्हावं, एवढंच हवं होतं मला.

काम म्हटलं तर सोपं. तीन ओळींत तीन-तीन तुकडे, नऊ तुकड्यांचा एक चौकोन. पण माझे मेले कोपरे कधी जुळायचेच नाहीत. गट चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. माझा चौकोन बराच वेळ न्याहाळून त्या म्हणायच्या, "रंग छान निवडलेस." म्हणजे काय ते मला कळायचं.

मग सांगलीहून आई आली, तीन महिन्यांसाठी. तिने जन्मभर गोधड्या शिवल्यात. माझा चौकोन खिडकीपाशी धरून म्हणाली, "अगं बाई, शिवलायस की कापडाशी भांडलीयस?" माझा स्वयंपाक होईपर्यंत तिने तो सगळा उसवून हाताने पुन्हा शिवलासुद्धा. कोपऱ्याला कोपरा अस्सा भिडलेला.

बुधवारी मी तिलाही बरोबर नेलं, घरी एकटी बसून काय करेल म्हणून. बाईंनी चौकोन हातात घेतला, उलटा करून टाके पाहिले आणि सगळ्यांना हाक मारली. "मशीन नाही, हाताचे टाके! हा तू शिवलास?"

खरं बोलायला कितीसा वेळ लागला असता? आई शेजारीच होती, ठेवणीतली साडी नेसून, वर स्वेटर घालून. नुसतं तिच्याकडे बोट दाखवायचं होतं. मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, "हो, मीच."

सगळ्यांचे चौकोन जोडून वाचनालयात टांगायच्या मोठ्या गोधडीच्या मधोमध हाच चौकोन बसवायचा, असं बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं. टाळ्या वाजल्या. आईनेही वाजवल्या.

"काय म्हणाल्या गं?" तिने विचारलं.

"छान झालाय म्हणाल्या."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पदर सारखा केला.

तिला इंग्रजी येत नाही म्हणून मी निर्धास्त होते. छातीवरचा हात कळायला इंग्रजी कशाला लागतं, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. पुढच्या बुधवारी गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं! हे लिहितानासुद्धा कान तापतात. घरी माझी उरलीसुरली कापडं घेऊन ती काहीबाही शिवत बसायची. विचारलं तर म्हणायची, "वेळ घालवते गं."

ती परत गेली. सांगलीला पोचल्यावर तिचा फोन आला. "नीट पोचले. आणि ऐक, कपाटात खालच्या कप्प्यात बिस्किटांचा डबा आहे बघ."

फोन कानाला धरूनच मी डबा उघडला. आत चौदा चौकोन होते, इस्त्री केलेले.

"मी नसताना तुझी पंचाईत नको," ती म्हणाली. "दोन-चार मुद्दाम वाकडे शिवलेत हं. सगळेच सरळ दिसले तर तुझ्या बाईंना शंका यायची."

आवाजात राग नाही, टोमणा नाही. भाजीत मीठ बेताचं घाल म्हणावं, तसं सांगत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान तेव्हा तरी "आई, चुकलं माझं" म्हणायचं! मी म्हणाले, "जेवलीस का?"

फोन ठेवून मी पोटभर रडले. आणि बुधवारी त्या डब्यातला एक चौकोन घेऊन गेले. वाकडा नाही. सगळे चाचपून, त्यातला सगळ्यात सरळ निवडून.